अंदमानातली ती वही

लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण दिवाळीच्या सुट्टीत गावाशिवाय ह्यांनी मला कुठे नेलं नव्हतं. सुरतजवळ पलसाण्याच्या एका डाईंग मिलमध्ये हे रंगमास्तर. पार्टीने कापडाचा तुकडा दिला की हुबेहूब तोच रंग उतरवायचा, हे त्यांचं काम. घरी आल्यावर मात्र खिडकीतून बाहेरसुद्धा बघायचे नाहीत. असा माणूस परवाच्या दिवाळीआधी जेवता जेवता म्हणाला, "सुट्टीत अंदमानला जाऊ. पक्षी, फुलपाखरं फार असतात म्हणे तिकडे."

आनंद व्हायच्या आधी माझ्या मनात पाल चुकचुकली.

दोन दिवसांनी कपाटात माझ्या साड्यांमागे एक दुर्बीण सापडली. सुरतच्या चौटा बाजारातून आणून गुपचूप ठेवली होती. सोबत एक छोटी वही, अजून कोरी. मी विचारलं तर म्हणाले, "पाखरं बघायला नको का?" पण मग लपवायची कशाला?

अंदमानात आम्ही एका लहानशा बेटावर उतरलो. लॉज चालवणारी बाई बंगाली, विधवा, साधारण माझ्याच वयाची. पहिल्याच सकाळी जाग आली तर शेजारची गादी रिकामी. तिकडे उजाडतंही फार लवकर. तासाभराने हे आले, चपला चिखलाने भरलेल्या. "फिरून आलो," एवढंच. नाश्त्याला पुरी वाढताना बाईने हळूच विचारलं, "कितने गलत निकले, दादा?" ह्यांनी चार बोटं दाखवली आणि माझ्याकडे बघून हात खाली घेतला.

"काय चुकलं?" मी विचारलं.

"काही नाही. पाखरांची नावं."

त्या दिवशी मी खूप काही पाहिलं. घाणेरीच्या झुडपावर लाल ठिपक्यांची काळी फुलपाखरं नुसती उडत होती. वाळूत शंख पाठीवर घेऊन खेकडे चालत होते, माझी सावली पडली की अंग आत ओढून घ्यायचे. एक भलीमोठी घोरपड रस्ता ओलांडताना थांबली आणि जीभ काढून माझ्याकडे बघत राहिली. पण कशातच माझं मन लागेना. बाईने ह्यांना नारळ आधी दिला, की मी माझा तसाच बाजूला ठेवायचे. हे वहीत काही लिहू लागले, की मी मान उंचावून बघायचे. मी जवळ गेले की वही बंद.

तिसऱ्या पहाटे मी झोपल्याचं सोंग घेतलं आणि ह्यांच्या मागोमाग निघाले.

खाडीच्या काठी केवड्याचं बन होतं, त्याच्या आडोशाला उभी राहिले. पलीकडे हे आणि ती बाई, दोघांमध्ये चार हात अंतर. ह्यांच्या डोळ्यांना दुर्बीण. खारफुटीच्या वाळक्या फांदीवर खंड्या बसला होता. इतका निळा, की मला दुर्बिणीशिवायही दिसत होता.

"हरा," हे म्हणाले आणि वहीत लिहिलं.

"नहीं दादा. नीला. एकदम नीला."

मग एक फुलपाखरू पाण्यावरून गेलं. हे म्हणाले, सफेद. ती म्हणाली, पीला. ह्यांनी दुर्बीण खाली केली आणि डोळे मिटून घेतले.

मी सरळ पुढे गेले. "काय चाललंय हे?"

बाई पायवाटेने परत गेली. ह्यांनी वही माझ्या हातात दिली. पानावर मधोमध रेघ. डावीकडे ह्यांनी सांगितलेला रंग, उजवीकडे बाईने सांगितलेला. निम्म्याहून जास्त ठिकाणी फुली.

"माले आते निया रंग दिखत नही," ते म्हणाले. आम्ही घरी अहिराणीही बोलतो, पण इतक्या बारीक आवाजात मी ती कधी ऐकली नव्हती. निळा दिसत नाही, असं एक रंगमास्तर सांगत होता.

मग सगळंच बाहेर आलं. उन्हाळ्यात मोरपंखी रंगाचा अख्खा लॉट हिरवट निघाला होता. चूक ह्यांची, बोलणी मात्र दुसऱ्या मास्तरला बसली. हे गप्प राहिले.

"मिलमध्ये कोणाला विचारू? आणि तुला विचारलं असतं तर तू रडत बसली असतीस. इथे मला कोण ओळखतं? उतरलो त्याच संध्याकाळी बाईला म्हटलं, रंग तपासून द्या."

"मला वाटलं..." मी म्हणाले.

"तुले काय वाटनं?"

मी वही मिटून त्यांच्या हातात दिली. राग आला होता, पण आता तो कुणावर काढायचा ते कळेना. उरलेले दोन दिवस रंग मी सांगत होते.

सुरतला आल्यावर ह्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. वयाच्या मानाने लवकर आलेला मोतीबिंदू निघाला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर एक डोळा झाकून हे माझ्या पदराकडे बघत राहिले, मग दुसरा झाकून. म्हणाले, "दोन वेगळ्या साड्या दिसतात."

कामावर परत गेले त्या दिवशी शेठला लॉटचं खरं सांगून टाकलं. शेठने तूर्त कोऱ्या कापडाच्या गोदामात बसवलंय.

गेल्या रविवारी हे त्या दुसऱ्या मास्तरच्या घरी माफी मागायला गेले. तोही सुरतेत आमच्याच वस्तीत, डिंडोलीत राहतो, आमच्यापासून तीन गल्ल्यांवर. मी गल्लीच्या तोंडाशी थांबले. दार उघडलं, हे आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा मी विचारलं, "काय म्हणाला?"

"चहा दिला. बोलला काही नाही."