दारावरचा रक्तगट

आमची जुनी, थोराड अमेरिकन गाडी हौशी शर्यतीसाठी तयार होत होती. वजन कमी करायचं म्हणून नवऱ्याने मागची सीट, गालिचा, टेप सगळं काढून टाकलं होतं. मी ज्या सीटवर बसायचे तीही आता गॅरेजच्या भिंतीला टेकून उभी होती.

पेंटर ड्रायव्हरच्या दारावर नवऱ्याचं नाव रंगवत होते. शर्यतीच्या नियमानुसार, अपघात झालाच तर म्हणून, त्याखाली रक्तगटही लिहावा लागतो.

“वहिनी, साहेबांचा गट कुठला?” त्यांनी सहज विचारलं.

“बी पॉझिटिव्ह,” मी सांगितलं. किती फॉर्मवर भरलाय मी तो आजवर, पण दारावर रंगवलेला कधी पाहिला नव्हता.

गाडी उलटली तरी छत दबू नये म्हणून आत लोखंडी पिंजरा वेल्ड केलाय, ब्रेक नवे आहेत, सीटचे पट्टे नवे आहेत. याने धीर यायला हवा. पण प्रत्येक खबरदारी कशाची तरी वाट बघत बसलेली असते, असं मला वाटत राहतं.

“लांबून वाचता येतंय का, बघा जरा,” पेंटर म्हणाले.

मी फाटकापर्यंत मागे गेले. लाल अक्षरं तिथूनही स्वच्छ दिसत होती.

“येतंय,” मी म्हणाले. पण परत गाडीकडे जायला पाय उचलेना.