मागे वळणारी धाव

२०१७ च्या दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्या धाकट्या बहिणीला तिच्या शाळेने एक पुस्तिका दिली. इंग्रजी, झेरॉक्सची झेरॉक्स, काही पानांवरचे बाण अर्धे पुसलेले. तिच्यात अमेरिकन फुटबॉलमधल्या पासच्या जुन्या, रुळलेल्या चाली होत्या. बहीण तलासरी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत तासिका तत्त्वावर खेळ शिकवत होती. तिचं काम दर उन्हाळ्यात संपायचं आणि जूनमध्ये संस्थेची मर्जी असली तर पुन्हा सुरू व्हायचं. त्या वर्षी संस्थेच्या सचिवांनी मर्जीची अट आधीच सांगून ठेवली होती. मुलींचा संघ राज्यस्तरावर गेला तर काम चालू राहील. खो-खोचे संघ गावोगाव होते. हा खेळ नवा होता आणि तो खेळणाऱ्या शाळा मोजक्या होत्या, म्हणून राज्यस्तर सोपा जाईल असं त्यांना वाटत होतं.

मी मुंबईतली वर्तमानपत्राच्या डेस्कवरची नोकरी संपवून डहाणूला घरी आलो होतो आणि भाषांतरं करत होतो. पुस्तिका माझ्या टेबलावर आली.

"दादा, आठ दिवसांत दे," ती म्हणाली. "आणि अग्रलेख लिहू नकोस. मला कळेल असं लिही."

शाळेत खेळायचा होता तो या खेळाचा फ्लॅग प्रकार. एका बाजूला पाच जणी. अंगावर कोसळायचं नाही. जिच्या हातात चेंडू आहे तिच्या कमरेची पट्टी ओढली की ती थांबली. एक जण चेंडू फेकते, बाकीच्या ठरलेल्या वाटेने धावतात आणि झेलतात. पुस्तिकेत चार वाटा मुख्य होत्या; अंतरं यार्डांत होती, ती इथे पावलांत सांगतो. पहिली म्हणजे तीन पावलं सरळ आणि मग मध्याकडे तिरकं. दुसरी, पाच पावलं सरळ आणि मग काटकोनात बाहेरच्या रेषेकडे. तिसरी म्हणजे सरळ, थेट शेवटापर्यंत. चौथीत सुसाट पुढे जायचं, अचानक थांबायचं आणि फेकणारीकडे मागे वळायचं.

मी हे सगळं नीट उतरवलं. यार्डांचे मीटर केले. बहिणीने ते वाचलं आणि वही मिटली.

"मुली मोजपट्टी घेऊन धावणार आहेत का? पावलात सांग."

मग मी जेवणाच्या टेबलावर चिकू मांडले. मोठे चिकू आपल्या मुली, लहान समोरच्या. सरळ धावणारीच्या भीतीने समोरची मागे मागे सरकते. ती सरकली की मध्ये जागा मोकळी होते, आणि मागे वळणारी तिथे एकटी उभी राहते. कोणी मागे वळतच नाही हे समोरच्यांना कळलं, तर त्या आधीच खोल जाऊन उभ्या राहतील आणि सरळ धावणारीलाही काही मिळणार नाही. एक वाट दुसरीमुळे चालते. चेंडूही माणसाकडे फेकायचा नसतो. ती वळायच्या आधीच तो निघालेला असतो, ती जिथे असेल त्या जागेकडे.

"कळलं," बहीण म्हणाली. समोरच्या संघातला एक चिकू उचलून ती खात होती. "हा पिकला होता. तुझा बचाव कच्चा आहे."

ती सकाळी सहाच्या एसटीने जायची आणि संध्याकाळी मिळेल त्या जीपने परतायची. हायवेवर अच्छाडच्या तपासणी नाक्याच्या बाजूने ट्रकची रांग लागली की जीप तास तासभर हलायची नाही. पहिल्या तीन वाटा मुलींनी आठवड्यात उचलल्या. चौथी बसेना. मुली पुढे जायच्या आणि पुढेच जायच्या. फेकणारीचा चेंडू त्यांच्या पाठीमागे रिकाम्या जागेत पडायचा. दोन आठवडे हेच चाललं. बहीण घरी येऊन चप्पल न काढता खुर्चीत बसायची आणि पुस्तिकाच चुकीची असेल असं म्हणायची. मी पुस्तिका पुन्हा तपासायचो. ती बरोबर होती.

एका शनिवारी मी तिच्यासोबत गेलो. मैदानावर चुन्याऐवजी राखेने रेषा आखल्या होत्या. नववीतली एक उंच मुलगी सगळ्यात वेगवान होती. ती धावली, पाचव्या पावलावर क्षणभर अडखळली आणि तशीच पुढे गेली.

"अगं, वळ ना!" बहीण ओरडली. "पाय धरलेत का कोणी?"

मुलगी परत आली. "मॅडम, फाऊल होईल."

"कोण देणार फाऊल?"

"तुम्हीच. तीन वर्षं तुम्हीच देता."

बाकीच्या मुली तोंडावर हात ठेवून हसल्या. बहीण हसली नाही. खो-खोत पाठलाग करणारीने एकदा दिशा घेतली की खांब ओलांडल्याशिवाय उलट फिरता येत नाही. या मुली सहावीपासून तिच्या हाताखाली खो-खो खेळत होत्या. मागे फिरण्यावर शिट्टी वाजते हे तिनेच त्यांच्या पायात घालून ठेवलं होतं.

सोमवारी तिने पाचव्या पावलावर एक बांबू रोवला. खांबाला वळसा घालून फिरायला परवानगी असते. मुली बांबूपर्यंत गेल्या, वळल्या आणि चेंडू हातात आला. पहिल्याच दिवशी.

"मग आता बांबू काढ," मी म्हणालो.

"काढेन. जरा रुळू दे."

तो काढायचा राहून गेला. चाचणी परीक्षा आल्या, मग त्यांचे निकाल, मग तिला तापाने आठ दिवस घरी बसवलं. जिल्ह्याचे सामने पालघरला होते. तीन संघ आले होते आणि पहिला येणारा राज्यस्तरावर जाणार होता. आम्ही एक सामना जिंकलो, तो सरळ धावण्याच्या जोरावर. तिसऱ्या संघाने तो रेषेबाहेर बसून पाहिला होता. आमच्याशी खेळताना त्यांच्या मुली सुरुवातीपासूनच खोल जाऊन उभ्या राहिल्या. मध्ये सगळं मैदान मोकळं होतं आणि तिथे आमचं कोणीच जात नव्हतं.

मध्यांतरात उंच मुलगी पाणी पिताना म्हणाली, "मॅडम, इथे खांब नाही."

"माहीत आहे गं," बहीण म्हणाली.

सामना संपत आला तेव्हा तीच मुलगी पुन्हा पुढे सुटली. पंच मैदानाच्या मध्ये उभे होते, पांढरी टोपी घालून. ती त्यांच्यापर्यंत गेली, त्यांना पूर्ण वळसा घातला आणि मागे फिरली. चेंडू आला. तिने तो झेलला आणि मोकळ्या बाजूने शेवटापर्यंत नेला. पंच स्वतःभोवती फिरून पाहत राहिले, मग त्यांनी गुण दिला. पुढच्या दोन फेऱ्यांत तिने पंचांना गाठून हेच केलं. चौथ्या वेळी पंच बाजूला झाले, आणि ती त्यांच्याशिवायच वळली.

आम्ही तरीही हरलो. फरक मोठा होता.

राज्यस्तरावर जाणाऱ्या संघात बाकीच्या शाळांमधून राखीव खेळाडू घेतात. उंच मुलीची निवड झाली. बहिणीने सचिवांना हे कळवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि राखीव खेळाडू म्हणजे संघ नव्हे, असं सांगितलं. पंधरा दिवसांनी पत्र आलं. पुढच्या सत्रात तासिका उपलब्ध नाहीत. भाषा सभ्य होती. अशी पत्रं मी नोकरीत असताना पुष्कळ पाहिली होती, एक माझ्या नावाचंही.

राज्यस्तराचे सामने सुट्टीत होते, बहिणीचं काम संपल्यानंतर. पालकांची संमती लागणार होती, म्हणून आम्ही दोघं त्या मुलीच्या पाड्यावर गेलो. वडील कामावर गेले होते. आईने अंगणात खाट टाकली. मी खेळ समजावून सांगितला, आता बऱ्यापैकी सोप्या शब्दांत.

"पट्टी ओढतात, म्हणजे पाडत नाहीत?" आईने विचारलं.

"पाडत नाहीत."

"आणि मॅडम, तुम्ही जाल ना तिच्यासोबत? तुम्ही नसाल तर मी नाही पाठवणार."

मुलगी दारात उभी होती. तिला पत्राबद्दल माहीत नव्हतं. बहिणीने माझ्याकडे पाहिलं नाही.

"जाणार," ती म्हणाली.

आईने अंगठा उमटवला. त्याखाली सोबत जाणाऱ्या शिक्षकाचं नाव लिहायची ओळ होती. बहिणीने नाव लिहिलं. पुढे पदनामाची चौकट होती, तिथे पेन थांबलं.

मी हळू आवाजात म्हणालो, "त्या तारखेला तू कुठल्याच पदावर नसशील."

"ते तू तुझ्या पेपरात छाप," ती म्हणाली आणि चौकटीत क्रीडा शिक्षिका असं लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं. आईने कागद मागून घेतला आणि अंगठ्याची शाई वाळावी म्हणून तो उन्हात धरला.