घाटावरच्या दोन सावल्या

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुलुंडला घराजवळच्या पिठाच्या गिरणीत उभा होतो. सुनंदावहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले." मी बरं म्हणालो, गिरणीवाल्याला गहू जरा बारीक दळायला सांगितले आणि डबा घेऊन घरी आलो. त्याच दिवशी सकाळी हॉस्पिटलमधून विलासचा फोन आला होता. "सद्या, येतोस का रे? आज जरा बरं वाटतंय." मुलुंडहून कांदिवली म्हणजे दीड-दोन तास, त्यात डोक्यावर ऊन. संध्याकाळी येतो म्हणालो. तो दुपारीच गेला... त्याला सहा आठवडे झाले. मला अजून रडू आलेलं नाही.

आम्ही जुने मित्र. तो शाळेत चित्रकला शिकवायचा, मी कारखान्यात ड्राफ्ट्समन. त्यामुळे त्याच्या चित्रात खोड काढणं हा मी माझा हक्कच समजायचो. रिटायर झाल्यावर आम्ही दोघंच महेश्वरला गेलो. सकाळी लवकर घाटावर जायचं ठरलं होतं. पण आदल्या दिवशीच्या कचोऱ्यांनी माझी वाट लावली आणि मी लॉजवर पडून राहिलो. तो एकटाच रंग घेऊन गेला. मी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. चित्र जवळजवळ झालं होतं. कोवळं पिवळं ऊन, देवळाच्या ओवरीची निळसर सावली पायऱ्यांवर डावीकडे पसरलेली, आणि कुणीतरी आत्ता येईल अशी शांतता. "बस तिथे," म्हणाला. मी बसलो, तसा त्याने मला चित्रात बसवला... सावलीसकट. तेव्हाच्या उन्हात ती उजवीकडे पडली होती.

पार्ल्याच्या प्रदर्शनात ते चित्र एका बाईंना फार आवडलं. घेणारच होत्या. मला कसली खुमखुमी आली कोण जाणे, चारचौघांत मोठ्याने म्हणालो, "विलास, एका घाटावर दोन सूर्य कसे रे?" सगळे हसले. तोही हसला. बाई दुसऱ्या चित्राकडे वळल्या. दुरुस्त करतो, एवढंच म्हणून त्याने ते चारकोपला घरी नेलं. पुन्हा कधी बाहेर काढलं नाही. मीही विचारलं नाही, लाज वाटायची.

गेल्या रविवारी वहिनींनी ते न्यायला बोलावलं. जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलं होतं. गाठ सोडताना मनात एकच होतं, माझं ऐकून त्याने ती सावली फिरवलेली नसू दे. फिरवली नव्हती. दोनदा रंग कालवून बसले आणि तसेच उठले, वहिनी सांगत होत्या. का म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला होता, "सावली फिरवली तर सद्या सकाळीच आला होता असं होईल. सकाळभर मी त्याची वाट बघत होतो गं. तो संध्याकाळी आला."

वहिनींनी चहा दिला, मी प्यायलो. साखर जास्त झाली होती, तेही कळत होतं.

चित्र आता माझ्या खोलीत पलंगासमोर आहे. पाच वाजता पश्चिमेच्या खिडकीतून त्याच्यावर ऊन येतं. मी रोज खुर्ची ओढून बसतो... घाटावर सकाळ आहे आणि पायरीवर मी संध्याकाळचा बसलोय. तिथे निदान पोचलो होतो.