नरहरदादा, करीमभाई आणि एक न उसवलेला खण

नरहरदादा गेल्याची बातमी मला टीव्हीवरच्या पट्टीनं सांगितली. पुंडलिकनगरात मी मुलाच्या घरी मेथी निवडत बसले होते. 'माजी मंत्र्यांचे निधन' एवढंच सरकत गेलं आणि पाठोपाठ टोमॅटोचे भाव आले. नात म्हणाली, "आजी, तू रडतेस का?" म्हटलं, "नाही गं, मेथी निवडतेय." कांदा चिरत असते तर थाप तरी पचली असती...

त्याला आता महिना होत आला. पेपरांत लेख आले. कुणी त्यांना झुंजार कमांडर म्हटलं, कुणी स्वच्छ मंत्री. दोन्ही खरं आहे. पण कमांडरचा मंत्री होताना मधे त्यांच्या हातून एक चूक झाली होती. तिची कबुली त्यांनी भर चौकात दिली आणि त्यातला माझा वाटा मात्र पोटात ठेवला. तो आज मी सांगणार आहे. आता मला दटावणारं कुणी उरलेलं नाही.

आम्ही शहागंजच्या मागच्या गल्लीत राहायचो. पलीकडं देश स्वतंत्र झाला होता आणि आम्ही अजून निजामाच्याच राज्यात होतो. नरहरदादांचं घर आमच्या समोर. शाळेत गणित शिकवायचे. हडकुळे, चालताना पाय बाहेर टाकणारे, आणि पालीला लई घाबरणारे. भिंतीवर पाल दिसली की माझ्या आईला हाक यायची, "काकू, जरा झाडू घेऊन या." हा माणूस एक दिवस सायकलवर बसून गेला आणि निजामाशी लढणाऱ्यांच्या सरहद्दीपलीकडच्या कॅम्पचा कमांडर झाला. कळलं तेव्हा आई म्हणाली, "मग तिकडं पाली मारायला कोण ठेवलंय?" पण त्यांच्या तुकडीनं करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके जाळले, तारा तोडल्या, एक पूल उडवला, मग आईही गप्प झाली. मी सोळा वर्षांची होते आणि अकलेनं नऊ वर्षांची. कॅम्पात घेतील म्हणून वेणीचा आंबाडा घालून आरशासमोर सलाम ठोकायचा सराव करायची. कॅम्पात काही कुणी घेतलं नाही. चिठ्ठ्या पोचवायचं काम तेवढं मिळालं, आणि त्यातही मी काय दिवे लावले ते पुढं येतंच आहे.

गल्लीच्या टोकाला करीमभाईंचा हिमरू शालींचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, एका खोलीत तीन माग. मागापुढच्या खड्ड्यात पाय सोडून ते विणत बसायचे. नरहरदादांचे ते लहानपणापासूनचे दोस्त. कॅम्पातली पोरं गुपचूप शहरात आली की त्यांच्याकडंच थांबायची, आणि पोलिसांत काय शिजतंय याची खबरही तेच काढायचे. खबर बाहेर जायची ती बायकांच्या हातून. करीमभाई उर्दूत चिठ्ठी लिहायचे, मी ती पलीकडच्या आळीतल्या सगुणाकाकूंना द्यायची आणि काकूंचे यजमान बैलगाडीतून सरहद्दीपार न्यायचे. नेण्याची युक्ती माझ्या आईची. दुकानातून आलेल्या खणाच्या घडीला कोपऱ्यात कच्चा टाका असतो, आणि चोळी शिवायला काढेपर्यंत तो कुणी उसवत नाही. चिठ्ठी त्या घडीत घालायची, टाका परत मारायचा आणि खण-नारळ घेऊन राजरोस निघायचं. काकूंच्या हातात देताना म्हणायचं, "आईनं हा तुम्हालाच शिवायला सांगितलाय." म्हणजे काकू ओळखायच्या.

चैत्र होता. घरोघर गौर मांडलेली, हळदीकुंकवाची धामधूम. करीमभाईंनी मला बोलावून चिठ्ठी दिली. "बेटी, आज पोहोचलीच पाहिजे," म्हणाले. मी हिरव्या खणात ती घातली. घरात हिरवा दोरा नव्हता म्हणून लाल दोऱ्यानं टाका मारला आणि काकूंकडं गेले. तिथं बायकांनी घर भरलेलं, आणि मधोमध पोलिसांच्या अमीनाची, म्हणजे फौजदाराची, बायको डाळ खात बसलेली. झालं. माझ्यातली वीरांगना जागी झाली. एवढ्या लोकांत ते वाक्य म्हटलं तर बिंग फुटेल असं मला वाटलं. खरं तर ते वाक्य लोकांतच म्हणायला योजलेलं होतं. पण मी ते गिळलं, खण काकूंच्या हातात ठेवला आणि डोळ्यांनी खूण केली. एकदा केली, दोनदा केली. काकू म्हणाल्या, "डोळ्यात काही गेलं का गं कुसे? मोरीत जाऊन पाणी मार." मी खरंच जाऊन पाणी मारलं, आणि फत्ते झाली समजून घरी आले.

आता आमच्याकडं ओटीत आलेल्या खणाचं काय होतं, ते बायकांना सांगायला नको. स्वतःच्या पसंतीचा असेल तर ठेवायचा, नाहीतर पुढच्या सवाष्णीच्या ओटीत घालायचा. काकूंना हिरवे खण रगड झाले होते. त्यांनी तो त्याच संध्याकाळी कुणाच्या तरी ओटीत घातला.

गुरुवारी कॅम्पातली दोन पोरं करीमभाईंच्या कारखान्यात आली आणि दारातच पकडली गेली; आत शिरली नव्हती म्हणून करीमभाई तेवढे सुटले. त्यातल्या बबनचा पाय तुरुंगातल्या मारानं कायमचा अधू झाला. करीमभाईंनी मला गाठून हळूच विचारलं, "बेटी, पोहोचवली होतीस ना?" मी मान ताठ करून म्हटलं, "हो." आणि घरी येऊन माझ्या हुशार डोक्यानं हिशोब मांडला, की चिठ्ठी पोचली आणि तरी पोरं पकडली गेली, म्हणजे चिठ्ठीच खोटी असणार. म्हणजे करीमभाई फितूर. मी त्यांच्याशी बोलणं सोडलं.

पावसाळा सरता सरता फौज आली, निजामाचं राज्य संपलं, आणि नरहरदादा हारांनी झाकलेले परत आले. चौकात भाषण झालं. "या गल्लीतल्या एकानं माझी दोन पोरं धरून दिली," ते म्हणाले. नाव घेतलं नाही, बोट दाखवलं. त्या दिवसांत एका मुसलमान विणकराकडं असं बोट दाखवणं म्हणजे काय, ते आमच्या पिढीला ठाऊक आहे. अंगाला कुणी हात लावला नाही, हे नशीब. पण सूत देणाऱ्यांनी सूत बंद केलं, गिऱ्हाईक तुटलं, तीनातले दोन माग विकले गेले. जाब विचारायला गेलेल्यांना करीमभाई एवढंच म्हणाले, "मैंने खबर भेजी थी." कुणाच्या हाती, ते सांगेनात. सांगणार कसे... आईबापांनी माझं लग्न ठरवत आणलं होतं. मुलीचं नाव चौकात नेणारा तो माणूस नव्हता.

पुढच्या चैत्रात आई एका घरून ओटी घेऊन आली. हिरवा खण, लाल टाका. टाका माझाच. मी तो उसवला आणि शाळेतल्या उर्दूच्या जोरावर चिठ्ठी वाचली. 'गुरुवारी कुणाला पाठवू नका. कारखान्यावर नजर आहे.' वर्षभर तो खण गावातल्या ओट्या फिरून आला होता आणि एकाही बाईला तो शिवावासा वाटला नव्हता. माझी निवडच तशी, दुसरं काय.

तेव्हाच धावत जाऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. आधी लग्न, मग बाळंतपण, मग सासू... कारणांना काय तोटा. चार चैत्र गेले. निवडणुका झाल्या, नरहरदादा हैदराबादेत मंत्री झाले. खातं मिळालं रस्त्यांचं आणि पुलांचं. आई म्हणाली, उडवलेला आधी बांधून दे म्हणावं. ते सरकारी विश्रामगृहात उतरले तेव्हा मी अर्जदारांच्या रांगेत जाऊन उभी राहिले. हातातला खण बघून त्यांचा कारकून म्हणाला, "बाई, साहेबांची ओटी भरत नसतात."

दादांनी चिठ्ठी वाचली. अक्षर त्यांच्या ओळखीचं होतं. मी सगळं सांगितलं, डोळ्यांच्या खुणेसकट. मला वाटलं, आता वीज पडणार. त्यांनी चिठ्ठी परत खणाच्या घडीत घातली. मग म्हणाले, "तू पोर होतीस. मी कमांडर होतो. मी त्याला एकदा तरी विचारायला पाहिजे होतं... विचारलंच नाही गं, कुसुम."

तसेच उठून ते चालत कारखान्यात गेले. मागोमाग मी. करीमभाईंनी माग थांबवला नाही. दादा उभ्यानं बोलले, हात जोडले. सगळं ऐकून घेतल्यावर करीमभाई म्हणाले, "मंत्रीसाब, बोट चौकात दाखवलं होतं. माफी खोलीत मागता?"

बरोबरची माणसं दादांना बाजूला घेऊन समजावू लागली, की मतांचं काय, विरोधक काय म्हणतील, झालं ते झालं. दादांनी ऐकलं नाही. त्या वर्षीच्या झेंडावंदनाला त्याच चौकात ते म्हणाले, "करीमभाईंनी आम्हाला वेळेवर सावध केलं होतं. चिठ्ठी वाटेत चुकली. न विचारता मी त्यांना फितूर ठरवलं. चूक माझी आहे." आधी तुरळक, मग भरघोस टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत तिसऱ्या रांगेत मीही होते, कडेवर पोर घेऊन. 'वाटेत' म्हणजे कुठं, ते त्या गर्दीत तिघांनाच माहीत होतं. नंतर दादा मला म्हणाले, "तुझं नाव सांगायचं का नाही, ते तू ठरव. आम्ही दोघं सांगणार नाही." त्यांनी सांगितलं नाही. मी ठरवायला पन्नास वर्षं घेतली.

करीमभाईंनी लगेच जवळ केलं नाही. दादा शहरात आले की कारखान्यात जायचे, मागाशेजारच्या दुसऱ्या, रिकाम्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे, आणि करीमभाई त्यांच्याशी एक शब्द न बोलता विणायचे. चौथ्या-पाचव्या खेपेला चहा आला. पुढं मंत्रिपद गेलं, पण ते बसणं सुटलं नाही. आणि मंत्री असेपर्यंत, कुणी कुणाची तक्रार घेऊन आलं की दादांचा पहिला सवाल ठरलेला असायचा, "त्याला विचारलंत का?" कचेरीतले शिपाई त्याची नक्कल करायचे.

करीमभाई जाऊन बरीच वर्षं झाली. बबन तर फारच लवकर गेला. त्याला सांगायचं माझं राहूनच गेलं, आणि त्यावर मला काही गंमत सुचत नाही. आता दादा गेले. हा लेख छापायला देण्याआधी मागच्या आठवड्यात मी शहागंजात गेले. करीमभाईंचा मुलगा अनवर आता साठीला आलाय, एक माग अजून चालवतो. मी म्हटलं, "बाबा रे, तुझ्या वडिलांवर आळ आला तो माझ्यामुळं." त्यानं विणणं थांबवलं. म्हणाला, "खाला, अब्बांना लई विचारलं, चिठ्ठी कुणाकडं दिली होती. मरेपर्यंत नाय सांगितलं."

मग त्यानं रिकाम्या खड्ड्याच्या काठावरची सतरंजी झटकली. "साहेब इथं बसायचे," म्हणाला, "बसा." माझे गुडघे ते, सहजासहजी कसले वाकतात. त्यानं हाताला धरून बसवलं, मी चपला काढून पाय आत सोडले. आत गार होतं. तो समोर बसला, हात मांडीवर ठेवून.

"आता सुरुवातीपासनं सांगा," तो म्हणाला. मी सांगितलं.