आबामानची अकरा पिल्लं

माझी बायको नेई तेरेंगा हिच्या तोंडी एक शब्द कायम असायचा: माझं. माझं आबामान, माझे ताके, माझी पिल्लं. खरं तर यातलं तिचं काहीच नव्हतं. आबामान म्हणजे लगूनमधलं, म्हणजे प्रवाळाच्या कड्याने अडवलेल्या उथळ समुद्रातलं, चिमूटभर बेट, ते सरकारचं. आणि ताके कुणाचेच नसतात. पांढरेशुभ्र, लाल चोचीचे, शेपटीत दोन लांब लाल काड्या खोवल्यासारखे दिसणारे हे समुद्रपक्षी फक्त अंडं घालायला जमिनीवर येतात, झुडपाखाली बसतात आणि माणूस जवळ आला तरी उठत नाहीत. त्यांना पकडायला अक्कल लागत नाही, हात लागतो. म्हणून तर ते इतके कमी उरले.

सरकारने तिला आबामानची राखणदार नेमलं आणि त्या दिवसापासून बाईसाहेब मालकीण झाल्या.

सरकारी कचेरीच्या माणसांनी त्या बेटावरचे उंदीर विष घालून संपवले होते. उंदरांच्या राज्यात एकही पिल्लू जगत नव्हतं. पुन्हा एक जरी गाभण उंदरीण तिकडे पोचली की सगळं मुसळ केरात. त्यामुळे आबामानला जाणाऱ्या प्रत्येकाला तेरेंगा किनाऱ्यावर अडवायची आणि टोपल्या, पिशव्या, गुंडाळलेल्या चटया वाळूत उलट्या करायला लावायची. एकदा पाद्रीबाबा तिकडे प्रार्थनेला निघाले, तर तिने त्यांची बायबलची पेटीसुद्धा हलवून पाहिली.

"नेई तेरेंगा, देवाच्या पुस्तकात उंदीर असतो का?" पाद्रीबाबांनी विचारलं.

"पुस्तकात नसतो, पेटीत असतो," ती म्हणाली. "उघडा."

दर आठवड्याला ती एकटी वल्हं मारत जायची. झुडपांखाली प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना पीनट बटर लावून ठेवायची आणि पुढच्या खेपेला त्यांवर दातांच्या खुणा शोधायची. बटर लवकर संपलं की पहिला संशय माझ्यावर. तो खोटा असायचा असं मी म्हणत नाही.

मी किमाएरे. आमच्याकडे बाईच्या नावाआधी मानाने नेई लावतात, पुरुषाच्या तेन; मला नुसतंच किमाएरे म्हणतात. माडावर चढून माडी काढतो. आमच्याकडे माडावर चढलेल्या माणसाने मोठ्याने गायचं असतं, म्हणजे वर कोणीतरी आहे हे खालच्यांना कळतं. माझा माड किनाऱ्यावर, आणि शेंड्यावरून सगळा लगून दिसतो. आबामानकडे परकी नाव वळताना दिसली की मी नेहमीचं गाणं सोडून नाताळचं गाणं घ्यायचो. जूनमध्ये नाताळचं गाणं ऐकू आलं की तेरेंगा हातातलं काम टाकून किनाऱ्याकडे धावायची. माझ्या आवाजाचं याहून जास्त कौतुक कोणी केलेलं नाही.

त्या वर्षी आबामानवर अकरा पिल्लं झाली. आदल्या वर्षी दोन होती. तेरेंगाचे पाय जमिनीवर ठरेनात. विहिरीवर, चर्चच्या दारात, मासे साफ करताना, जो भेटेल त्याला एकच: "माझी अकरा पिल्लं आहेत, अकरा!" मी म्हटलं, "अगं, जरा दमाने घे." पण आनंदात असलेल्या बाईला दम धरायला सांगणं म्हणजे भरतीला थांब म्हणणं.

आमच्याकडे एक चाल आहे, बुबुसी. नात्यातल्या माणसाने तोंडासमोर येऊन एखादी वस्तू मागितली आणि ती तुमची असली, तर नाही म्हणायचं नसतं. सायकल द्यावी लागते, सदरा द्यावा लागतो, माझी चांगली आरी अशीच गेली. नाही म्हणणाऱ्याचं तोंड गाव विसरत नाही. म्हणून शहाणा माणूस स्वतःजवळ काय आहे ते बोंबलत फिरत नाही. माझी बायको मात्र फिरली.

बाउरो हा तिचा सख्खा चुलतभाऊ. त्याच्या नातीचा पहिला वाढदिवस सहा आठवड्यांवर आला होता. पहिला वाढदिवस म्हणजे सारं गाव जेवायला. म्हाताऱ्यांच्या जिभेवर अजून ताकेच्या मटणाची चव होती आणि बाउरोला त्यांच्याकडून वाहवा हवी होती. रविवारी मानेआबात, म्हणजे आमच्या सभेच्या मोठ्या छपराखाली, सगळे मांडी घालून बसले असताना तो मध्ये सरकला.

"नेई तेरेंगा," तो गोड आवाजात म्हणाला, "तुझ्याकडे माझी एक बुबुसी आहे. तुझी अकरा पिल्लं मला दे."

तेरेंगाचा चेहरा राखेसारखा झाला.

"ती सरकारची आहेत, बाउरो."

"असं कसं? 'माझी अकरा पिल्लं' असं तू सगळ्या गावाला सांगितलंस. विचार यांना. ऐकलं की नाही रे?"

ऐकलं होतं. सगळ्यांनी माना हलवल्या. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा लगूनकडे. मग खाली मान घालून म्हणाली, "दिली. आजपासून ती तुझी."

बाउरो खुलला. "आत्ता नको. पोसू देत जरा. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी नेतो."

घरी येईपर्यंत मी धुमसत होतो. "पाद्रीबाबांची पेटी उघडायला लावणारी तू, आणि भावापुढे शेपूट घातलीस?" चुलीपुढे बसून तिने घळाघळा रडून घेतलं. मला स्वतःची लाज वाटली. मी तिच्यापुढे नीरेची काकवी घातलेला भात ठेवला, तोही तिने सरकवला. पंधरा वर्षं ती त्या बेटावर जात होती. आमचं मूल जगलं नाही, तेही मला त्या रात्री आठवलं.

सकाळी उठून पाहतो तर बाई तोंड धुऊन, केस विंचरून, डोक्यात फुलांची माळ घालून निघालेली.

"कुठे?"

"विहिरीवर. बाउरोचं कौतुक करायला."

दिवसभर ती दारोदार फिरली, मागे मी. "ऐकलंत का? बाउरो आता अकरा पिल्लांचा मालक झाला. सगळ्यांदेखत घेतली. मोठ्या मनाचा माणूस, कोणाला नाही म्हणायचा नाही." एवढंच. तिसऱ्या घरापर्यंत मला काही कळेना. पाचव्या घरी कळलं आणि मी माडावर चढून पोटभर हसलो.

बाउरोला बायकोकडचे चार मेव्हणे, दोन साडू, आणि भावकी तर अर्धं गाव. त्या दुपारी पहिला मेव्हणा त्याच्याकडे निघाला. बाउरोने त्याला लांबून पाहिलं, सगळं ओळखलं आणि तो घरात शिरून चटईखाली आडवा झाला.

"ताप आलाय," त्याची बायको म्हणाली.

बुबुसी तोंडासमोर केल्याशिवाय होत नाही, आणि ऐकणाऱ्याचे कान उघडे लागतात. त्यामुळे बाउरोला चार दिवस ताप होता. कोणी तब्येतीची चौकशी करायला आलं की तो चटई डोक्यावरून ओढून घोरायचा. दुसरा मेव्हणा चिवट निघाला, उशाशी बसून राहिला. बाउरो चार तास घोरला. घसा सुजला त्याचा, बायको मग खरंच औषध शोधायला लागली.

पाचव्या दिवशी, शुक्रवारी, उजाडता उजाडता मी माडावर होतो. खालून कोणीतरी दबक्या आवाजात हाक मारली.

"किमाएरे, गाऊ नको! लोक जागे होतील. तेरेंगा कुठे आहे?"

बाउरो होता, पार खंगलेला. मी त्याला घरी नेलं. तेरेंगा केवड्याची पानं चिरत बसली होती, चटईसाठी. तिने वर पाहिलंच नाही.

"बहिणी," बाउरो म्हणाला, "परवा चर्चला जावंच लागेल. तिथे घोरता येणार नाही. ते सगळे टपलेत. चौदा जण आहेत आणि पिल्लं अकरा. जन्माचं वैर येईल माझ्या दारात. तूच माग ना मला!"

"काय मागू?"

"पिल्लं!"

"मला कशाला? तुझी आहेत, तू सांभाळ."

"पाया पडतो तुझ्या."

तेरेंगाने एक पान चिरलं, दुसरं चिरलं. मग म्हणाली, "मागितली तर सगळ्यांसमोर मागेन. आणि सोबत तुझी इंजिनाची नाव, आठवड्यातून एक दिवस. माझे खांदे दुखतात वल्हं मारून."

"नाव?" बाउरो कळवळला. बाहेर रस्त्यावर कोणीतरी खोकलं. "घे. नावही घे!"

रविवारी मानेआबात मेव्हणे पुढच्या रांगेत बसले होते. त्यांनी घसा खाकरायच्या आत तेरेंगा उठली आणि तिने मागितलं. बाउरो इतक्या जोरात "दिली!" म्हणाला की कोपऱ्यातलं कुत्रं दचकून पळालं.

थोरल्या मेव्हण्याने लगेच तिच्याकडे तोंड वळवलं. "नेई तेरेंगा, आता तुझीच झाली ना? मग माझी तुझ्याकडे..."

"थांब," ती म्हणाली. "मी चुकले होते. ही पिल्लं मी आता माझी म्हणणार नाही. ज्या ताकेने अंडं उबवलं, तिची ती. ज्याला हवं असेल त्याने तिच्यासमोर बसून बुबुसी करावी."

सगळ्यांत म्हातारे तेन ताबोइया बसल्या जागी डुलायला लागले. "मी केली होती एकदा, तरुणपणी," त्यांनी अंगठ्यावरचा व्रण दाखवला. "तिने काय दिलं ते बघा!" हसून हसून मानेआबाच्या छपराची पानं हलली म्हणायची. वाढदिवसाला डुक्कर, कोंबड्या आणि भात झाला, आणि म्हाताऱ्यांनी बाउरोची वाहवासुद्धा केली. अकराच्या अकरा पिल्लं वेळेवर उडाली.

तेव्हापासून एकोणीस वर्षं तेरेंगाने कशालाच माझं म्हटलं नाही. ताके वाढत गेले, मोजायला बोटं पुरेनाशी झाली. तिचे गुडघे मात्र गेले. इंजिन बंद पडलं तर असावं म्हणून ती न्यायची ते वल्हं दाराशी उभं राहायला लागलं आणि ती त्याच्याकडे बघत बसायला लागली. तिच्या जागी कोण जाणार हे तिला कोणी विचारलं नाही, ती कोणाला म्हणाली नाही, पण मला दिसत होतं.

मग एका रविवारी बाउरोची तीच नात, मेरेआना, मानेआबात पुढे सरकली. "नेई तेरेंगा, तुमच्याकडे माझी बुबुसी आहे. तुमचं वल्हं मला द्या."

तेरेंगाने होकाराची मान हलवली. रडली ती, पण या वेळी मी गप्प बसलो.

आता सकाळी मी माडावर, ती खाली चटईवर. मेरेआनाची नाव निघाली की ती वर बघून ओरडते.

"किमाएरे! पोचली का रे?"

"कोण?"

"माझी पोर!"

"माझी म्हणू नकोस," मी वरून म्हणतो. "बाउरोने ऐकलं तर मागेल परत."

"मागू दे. सगळ्या गावासमोर मागू दे," ती म्हणते. "नाही म्हणेन मी."