पंत खाटेवर आडवे होतात

श्रीधरपंत आठल्ये यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी लिहावं, असं संपादक मंडळाने सुचवलं. आणि 'तेवढी ती गोष्ट टाळा' असंही सुचवलं. पंतांना विचारलं, तर ते म्हणाले, "तीच लिहा. बाकीचं लिहायला पुष्कळ लोक आहेत." म्हणून तीच लिहिते.

पंतांची व माझी पहिली ओळख नोकरीच्या मुलाखतीत झाली, आणि त्या मुलाखतीत त्यांनी मला नाकारलं. ब्रह्मा घाटाजवळच्या आमच्या वृद्धनिवासात काशीवासासाठी आलेली मराठी म्हातारी माणसं राहतात. पंत तिथले कार्यवाह. अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करायला माणूस हवं होतं. मी सहा वर्षं इस्पितळात हेच काम करून आले होते. समितीतल्या तिघांनी मला आडनाव, मूळ गाव आणि गोत्र विचारलं. मग पंत म्हणाले, "इथे घाटावर तुम्हाला कोण पहचानतं?" माझे वडील रेल्वेत, अकोल्याहून बदली होऊन आलेले, घाटावर आम्हाला कुत्रंही विचारत नव्हतं. कामाविषयी एकही प्रश्न न येता माझी मुलाखत संपली.

माझ्यानंतरचे गृहस्थ तीन पिढ्या घाटावर असलेल्या पुरोहित घराण्यातले. त्यांना स्तोत्र म्हणायला लावलं. आवाज खणखणीत, उच्चार शुद्ध. शेवटच्या दिवसांत कानी देवाचं नाव पडावं, याहून अधिक काय हवं, असा विचार करून समितीने त्यांना घेतलं. माणूस पारखायचा म्हणजे त्याचे आजोबा पारखायचे, एवढंच आमच्या लोकांना ठाऊक.

नवव्या दिवशी त्या गृहस्थांनी निवासातल्या गोदाक्कांना उताणं निजलेल्या अवस्थेतच पेज भरवली. अर्धांगवायूने गिळणं मंदावलेल्या माणसाला आधी बसतं करायचं असतं, आणि एक घास उतरला की नाही ते बघून मगच पुढचा चमचा द्यायचा असतो. पेज श्वासनलिकेत गेली. आक्का तिथेच गेल्या. ते गृहस्थ वाईट नव्हते. हे येतं का, असं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

आक्कांचं तेरावं उरकल्यावर पंत पत्ता शोधत आमच्या रेल्वे क्वार्टरच्या दारात आले. चहा घेतला नाही. म्हणाले, "सुनंदाबाई, गलती त्या माणसाची नाही, माझी आहे. सवालच मी गलत विचारला. तुम्ही याल का?" मला राग होता, तरी गेले. तो अजूनही थोडा आहे, हे त्यांना माहीत आहे.

त्यानंतर मुलाखतीची रीतच बदलली. प्रश्न आधी लिहून काढायचे. सगळ्यांना तेच, त्याच क्रमाने. 'असं झालं तर काय कराल' असं विचारायचं नाही, 'मागे असं झालं तेव्हा काय केलंत' असं विचारायचं. उत्तर येईपर्यंत आपण गप्प बसायचं. हे पंतांना फार जड गेलं, कारण ते मुळात बोलके. समितीतल्या प्रत्येकाने उमेदवाराला द्यायचे गुण आधी आपापले लिहून ठेवायचे, चर्चा मागाहून. शेवटी पंत स्वतः खाटेवर आडवे होतात, डावं अंग लुळं सोडतात, आणि उमेदवाराच्या हातात पेजेची वाटी दिली जाते. आजवर किती जणांनी त्यांचा सदरा भिजवला, त्याला गणती नाही. एकदा सख्ख्या पुतण्याने त्यांना न उठवताच चमचा पुढे केला. पंतांनी तोंड मिटून घेतलं. नकार आणि नकाराचं कारण, दोन्ही त्यांनीच पुतण्याला समोर बसवून सांगितलं. भावाच्या घरी त्यांचं जाणं-येणं आजही बंद आहे.

एका बाईंना भरवणं जमलं नाही, पण म्हाताऱ्यांशी त्या जीव लावून बोलत होत्या. पंतांनी मला त्यांना महिनाभर शिकवायला लावलं आणि पुन्हा मुलाखत घेतली. त्या आज आमच्याकडे आहेत, आणि माझ्याहून चांगलं काम करतात.

एक प्रश्न मात्र पंत दर वर्षी आक्कांच्या तिथीला मला विचारत आले, "तुम्हाला घेतलं असतं, तर आक्का वाचल्या असत्या?" मी म्हणायची, "आयुष्याची दोरी कुणाच्या हातात असते, पंत?" ते मान हलवायचे आणि उठून जायचे. यंदा त्यांनी विचारलं तेव्हा हा लेख अर्धा लिहून झाला होता. गोलमोल उत्तराला शून्य गुण द्यायचे, हे मला त्यांनीच शिकवलेलं. मी म्हटलं, "हो. त्या दिवशी वाचल्या असत्या."

या वेळी पंत उठून गेले नाहीत. मग म्हणाले, "ठीक आहे. तेही लिहा."

काशीत कुणी दीर्घायुष्य मागितलं की लोक जरा चमकून बघतात. इथे माणसं उलट्या कामासाठी येतात. तरी मी मागते. पंतांची प्रकृती धड राहो, त्यांना पुष्कळ वर्षं मिळोत. हे उत्तर मी त्यांना फार उशिरा दिलं. ते उराशी घेऊन त्यांना एकट्याने जगावं लागू नये, म्हणून तेवढी वर्षं मलाही मिळोत.