ड्रॅगन विरोधकांना मिळाला

शिलाईवाल्या वहिनींना ड्रॅगन-जादूगारांच्या कादंबऱ्यांचं भारी वेड. सासऱ्यांना मात्र राजकारणाच्या बातम्यांपुढे काही गोड लागत नसे. त्यातल्याच एका कादंबरीवरची वहिनींची मालिका लागली की ते करवादायचे, "काय हा पोरखेळ!"

वहिनींच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, त्यांचं टीव्ही बघणं बंद झालं, तेव्हा त्याच सासऱ्यांनी रिमोट हातात घेतला. रोज मालिका बघायची आणि आतल्या खोलीत येऊन सुनेला इत्थंभूत सांगायची.

"सूनबाई, राजाचं बहुमत गेलं! ड्रॅगन फुटला, विरोधकांना मिळाला. त्या जादूगाराचा मला पहिल्यापासूनच भरवसा नव्हता."

वहिनींनी ती कादंबरी कधीच वाचून संपवली होती. शेवट तोंडपाठ होता. डॉक्टरांनी रडायला मनाई केलेली, म्हणून त्यांनी घाईघाईनं विचारलं,

"अगं बाई! मग पुढे काय झालं, बाबा?"